तिसरं बोलावणं

सायमा हौताला यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, या गोष्टीला सहा वर्षं होऊन गेली. पत्र हरवलं नव्हतं. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात, चष्म्याच्या जुन्या डबीखाली ते होतं, आणि ते तिथे आहे हे मला रोज ठाऊक होतं. हरवलं असतं तर बरं झालं असतं, असंही अधूनमधून वाटायचं.

पत्र म्हणजे निसू, आमचा वेलचीचा गोड पाव, गुंडाळायच्या तपकिरी कागदाचा तुकडा होता. त्यावर निळ्या शाईत, शाळेत गिरवल्यासारखं सरळ अक्षर:

‘श्री. रिंताला यांस,
तुमच्या पुस्तिकेत पान एकोणीसवर माझ्या दुकानाबद्दल लिहिलं आहे. निसू चांगला. कॉफी गरम. खुर्च्या कमी. त्यात खोटं काही नाही. पण तुम्ही मंगळवारी आला असणार. मंगळवारचा पाव विजेच्या भट्टीतला असतो. लाकडाची भट्टी मी फक्त शनिवारी पेटवते. एखाद्या शनिवारी सकाळी या. मागच्या खोलीत एक टेबल आहे. ते गिऱ्हाइकांसाठी नाही.
सायमा हौताला, तापिओला.’

मी एकतीस वर्षं हॅनकॉकच्या साप्ताहिकात प्रुफं तपासली. अशा माणसाच्या हातात कुठलाही कागद पडला की तो आधी चुका शोधतो. पहिल्यांदा मी ते पत्र तक्रार म्हणून वाचलं. खुर्च्या कमी असं लिहायला नको होतं, असं वाटून दिवसभर मला चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, तेव्हा शेवटचं वाक्य दिसलं. ते टेबल गिऱ्हाइकांसाठी नाही. मग मी ते घडी करून खणात ठेवून दिलं.

पुस्तिकेबद्दल थोडं सांगायला हवं, जरी तिच्यात सांगण्यासारखं फार आहे असं मला वाटत नाही. साप्ताहिकाच्या चौथ्या पानावर एक कोपरा रिकामा पडायचा. संपादक एकदा म्हणाले, “तौनो, तू रोज सकाळी बाहेरच खातोस ना? मग लिही की त्याच्यावर.” मी अकरा वर्षं लिहिलं. आमच्या या तांब्याच्या खाणींच्या मुलुखात, कॅल्युमेटपासून खाली बारागापर्यंत, सकाळी कुठे काय खावं. नंतर स्थानिक इतिहास मंडळाने त्याची पुस्तिका काढली. लॉरियमला ट्रेव्हॅरोंकडे केशराचे पाव मिळतात. सहाच्या आत गेलात तर पाव, सातनंतर गेलात तर नुसता वास. लेक लिंडनला बोडोइन भावांकडची पातळ धिरडी आणि मेपलचा पाक. धाकटा भाऊ आठ वाजायच्या आत कुणाशी बोलत नाही, त्यात अपमान मानू नये. हॅनकॉकच्या पुलाखाली भट्टीतला जाड पॅनकेक मिळतो. तो टम्म फुगून टेबलावर येतो आणि बघता बघता खाली बसतो, म्हणून पहिला घास लगेच घ्यायचा. पास्टीबद्दल मी फार लिहिलं नाही. त्या मांस-बटाट्याच्या करंजीवर रस्सा घालायचा की टोमॅटोचा सॉस, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत.

हे सगळं मी खाण्याच्या आवडीनं लिहिलं, असं लोकांना वाटतं. मी तसं वाटू दिलं. खरं कारण असं, की एकटा माणूस हॉटेलात बसला की एकटा दिसतो. समोर वही असली की कामात दिसतो. आई गेल्यावर घरात चूल पेटवून एका अंड्यासाठी तवा तापवायचा, हे मला जमेना. मग मी वही घेऊन बाहेर पडू लागलो. इतकंच.

तर पत्राला उत्तर का दिलं नाही.

आमच्या फिनिश घरांत एक रीत होती. आता तरुण मंडळी हसतात तिला. कॉफीला बोलावलं की पहिल्या बोलावण्याला उठायचं नाही. आई म्हणायची, “या, कॉफी घ्या.” पाहुणे खिडकीबाहेर बघायचे. आई पुन्हा म्हणायची, “अहो, या ना.” पाहुणे म्हणायचे, “नको हो, आत्ताच घेऊन निघालो.” तिसऱ्यांदा आई जरा रागावून म्हणायची, “निवेल ती!” आणि मग एकदम सगळ्या खुर्च्या सरकायच्या. पहिल्या बोलावण्याला उठणारा माणूस अधाशी. दुसऱ्याला उठणारा उतावळा. लहानपणी मी एकदा दुसऱ्या बोलावण्याला उठलो होतो, तर घरी परतल्यावर वडील तीन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

म्हणून मी थांबलो. सायमाबाईंचं पत्र हे पहिलं बोलावणं. त्याच वर्षी नाताळात त्यांचं कार्ड आलं. त्यावर छापील घंटा आणि खाली एकच ओळ: ‘टेबल अजून आहे.’ हे दुसरं. मला फार आनंद झाला. इतका, की मी ते कार्ड खिडकीत लावलं आणि तिसऱ्याची वाट बघू लागलो. दर सोमवारी पत्रपेटीचं झाकण दोनदा उघडून बघायचो. का सोमवारी, ते आता सांगता येणार नाही.

तिसरं आलं नाही.

त्यानंतर महिनाभर वाटलं, आता लिहावं. पण महिन्यानं लिहायचं तर उशिराबद्दल दोन ओळी लिहायला हव्यात. वर्षानं लिहायचं तर पानभर. तीन वर्षांनी लिहायचं, तर तो खुलासा पत्रापेक्षा मोठा होणार, आणि मूळ गोष्ट अशी की मी मंगळवारी आलो होतो. तेवढ्यासाठी एवढा कागद! आणि मनाच्या तळाशी अशीही शंका होती, की बाईंनी सगळ्याच वर्तमानपत्रवाल्यांना असं लिहिलं असेल. आपणच त्यात काही शोधतो आहोत.

यंदा एप्रिलच्या शेवटी डॉरिस पेनहेलचा फोन आला. डॉरिस आमच्या इतिहास मंडळाची अध्यक्ष. तिचे पणजोबा इंग्लंडातून खाणीत कामाला आले, आणि तेव्हापासून त्या घराण्यात कुणी हळू बोललेलं नाही.

“तौनो, पुस्तिका संपली. नवी काढायची. उन्हाळ्याचे पाहुणे यायच्या आत हवी मला.”

“माझ्या पुस्तिकेच्या प्रती संपल्या?” मी म्हणालो.

“तळघरात पाणी शिरलं. भिजल्या. संपल्या म्हणजे संपल्या! आता असं कर, एकेका ठिकाणी जाऊन बघ. कोण चालू, कोण बंद, काय बदललं. फोनवर नाही हं. प्रत्यक्ष.”

“प्रत्यक्ष सगळीकडे?”

“अरे, खायलाच जायचंय तुला, लढाईला नाही.”

तेवीस ठिकाणं होती. मी वही घेऊन निघालो. पहिल्या आठवड्यात नऊ नावं खोडली. एका ठिकाणी आता मोबाइलचं दुकान होतं. एका ठिकाणी दारावर फळ्या ठोकल्या होत्या, आणि काचेच्या आत ‘आजचा ताजा’ हा फळा तसाच. ताजा काय ते पुसलं गेलेलं. चॅसेलच्या एका बेकरीत मालकाच्या बायकोनं मला बघितलं आणि म्हणाली, “तुम्ही कोपऱ्यात बसणारे ना? आमच्या यांना वाटायचं, तुम्ही आयकर खात्यातले आहात. शेवटपर्यंत तेच म्हणायचे.” मी म्हणालो, मी न्याहारीबद्दल लिहितो. त्या म्हणाल्या, “आता काय उपयोग सांगून, ते गेले.” मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं दर पंधरवड्याला जात होतो, आणि त्यांचं पहिलं नाव मला त्या दिवशी कळलं.

ट्रेव्हॅरो मात्र चालू होते. सहाला गेलो, पाव मिळाला. बोडोइनचा धाकटा भाऊ आता दिवसभरच बोलत नाही, कारण मोठा गेला. धिरडी तशीच आहेत. मी तीन खाल्ली. एरवी दोन खातो. ताट उचलताना त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. वहीत मी ‘धिरडी तशीच’ एवढंच लिहिलं.

बावीस ठिकाणं झाली. तापिओला राहिलं. डॉरिसनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो की रस्ता अजून ओला आहे.

“वीस मैलांचा डांबरी रस्ता, मे महिना, आणि ओला?” डॉरिस म्हणाली. “बरं, जाऊ दे. मी आजच ऐकलं, ती हौताला दुकान बंद करतेय. हा शनिवार शेवटचा. रविवारीच मुलीकडे मिनेसोटाला जाणार, कायमची. खोडून टाक तिला. पान एकोणीसवर एखादी जाहिरात घेऊ.”

मी पेन्सिल घेतली. नाव खोडायला एक रेघ लागते. आधीच्या नऊ रेघा मारताना माझा हात अडला नव्हता. या वेळी पेन्सिल कागदावर टेकवून मी इतका वेळ बसलो, की तिथे एक काळा ठिपका पडला. पत्राला उत्तर द्यायचं आपण पुढे ढकलत आलो, ते पत्र लिहिणारी बाई तिथेच आहे या भरवशावर. आता पाच दिवस उरले होते. पाच दिवसांनी उत्तर द्यायला पत्ताच राहणार नव्हता.

तो सोमवार होता. शनिवारी जाण्याचं धाडस मला होईना. मी मंगळवारीच गेलो.

कोठारांच्या उत्तरेला काळपट बर्फाचे ढीग अजून शिल्लक होते. बाकी सगळं पाणीच पाणी. दुकान होतं तसंच. बाहेर पाटी नाही, दाराला घंटा. आत दोन टेबलं आणि चार खुर्च्या. म्हणजे खुर्च्या खरोखरच कमी होत्या. त्यातल्या एकीवर माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता. लाकूडतोड्यांचा चौकड्यांचा शर्ट, आणि समोर बशीत ओतलेली कॉफी. गल्ल्यामागे सायमाबाई होत्या. सत्तरीच्या, बारीक, आणि दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीच्या दारानं भाजल्याच्या पुसट खुणा. सहा वर्षांपूर्वी मी यांच्याकडे बघितलं होतं की नाही, मला आठवेना. बहुतेक मी पावाकडे बघत होतो.

“कॉफी?” त्यांनी विचारलं.

“नको,” मी म्हणालो. “आत्ताच घेऊन निघालो.”

तोंडातून निघून गेलं. चौकड्यांच्या शर्टवाला मोठ्यानं हसला.

“अगं सायमा, बघ! दुकानात येऊन नको म्हणणारा माणूस अजून जिवंत आहे. पाहुणे, आमच्यापैकीच दिसता.”

“आर्व्हो, तू गप्प बस,” सायमाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून अगदी सरळ चेहऱ्यानं, “अहो, घ्या ना कॉफी.”

“कशाला उगीच.”

“निवेल ती,” त्या म्हणाल्या आणि कप ठेवून मोकळ्या झाल्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत होतं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. सोबत निसूचे दोन काप आले, लोणी लावलेले. वेलची जाडसर कुटलेली. दाताखाली एखादा दाणा यायचा.

“कुठले?” आर्व्होनं विचारलं.

“हॅनकॉकचा.”

“काय करता?”

“वाचतो.”

“वाचतो म्हणजे?”

“म्हणजे, पूर्वी छापायच्या आधी वाचायचो. आता छापल्यानंतर वाचतो.”

“बायको काही बोलत नाही?”

“बायको नाही.”

“मग वाचा,” आर्व्हो म्हणाला. “तुम्हाला कोण अडवणार.”

त्याच वेळी मला भिंतीवरचं ते पान दिसलं. गल्ल्याच्या वर, दिनदर्शिकेशेजारी, चार टाचण्यांनी लावलेलं पान एकोणीस. कडा पिवळ्या झालेल्या, आणि ‘खुर्च्या कमी’च्या खाली निळ्या शाईची रेघ. माझी मान त्या बाजूला वळलेली आर्व्होनं पाहिली.

“वाचता ना? मग ते वाचा. आमच्या सायमाची छापील कीर्ती. तीन वाक्यं! सहा वर्षं झाली, त्या तीन वाक्यांवर ही जगतेय.”

“जगायला पाव विकते मी,” सायमाबाई पीठ चाळता चाळता म्हणाल्या.

“आणि तो लिहिणारा बाबा. त्याला हिनं पत्र लिहिलं, या म्हणून. आला नाही. पुन्हा लिहिलं. नाही आला.”

“आर्व्हो.”

“आता काय, शनिवारी कुलूप लागणार, सांगायला काय हरकत आहे? पाहुणे, ही बाई वर्षभर दर शनिवारी मागच्या टेबलावर दोन कप मांडायची. एक हिचा, एक त्या बाबाचा. आठ वाजेपर्यंत वाट बघायची. मग तो दुसरा कप मी प्यायचो.”

“तुला कुणी बोलावलं होतं?”

“नाही ना! म्हणून तर मी आलो. बोलावलेले येत नाहीत तुझ्याकडे.”

मी कपात बघत होतो. कॉफीवर खिडकीचा चौकोन पडला होता. मी कप खाली ठेवला. आता बोलायला हवं होतं. मी तो. दोनच अक्षरं. तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच निघालं.

“तिसऱ्यांदा बोलावलं असतं, तर आले असते कदाचित.”

चाळणी थांबली. सायमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं असं मला वाटलं, पण मला नेहमीच तसं वाटतं.

“माझी मुलगी पण हेच म्हणाली,” त्या म्हणाल्या. “आणखी एकदा लिही म्हणून. पण तिसरं बोलावणं कुणाला करतात? दारात येऊन उभा राहिलाय, टोपी हातात आहे, आत यायला लाजतोय, त्याला. जो घरीच बसलाय त्याला कसं करणार? पहिलं बोलावणं यजमानाचं. पुढचं एक पाऊल पाहुण्यानं टाकायला नको? त्यानं निदान येतो-नाही-येतो कळवलं असतं, तर मी दहा वेळा बोलावलं असतं.”

“पुस्तकी माणूस असेल,” आर्व्हो म्हणाला. “त्यांना रीत अर्धीच माहीत असते.”

“चांगला माणूस असेल,” सायमाबाई म्हणाल्या. “विजेच्या भट्टीतल्या पावाला चांगला म्हणाला, म्हणजे चांगलाच असणार.” आणि पुन्हा चाळू लागल्या.

मी एक निसू बांधून मागितला. त्यांनी तपकिरी कागदात बांधून दिला, कडा घडी घालून, दोरा दोनदा फिरवून. “शनिवारचा जास्त चांगला असतो,” त्या म्हणाल्या. हे त्या सगळ्यांनाच सांगत असतील. मी टोपी घातली, घंटा वाजली, आणि मी गाडीत येऊन बसलो. काचेतून आर्व्होची पाठ दिसत होती. मग मी गाडी सुरू केली.

परतताना ओटर लेकच्या कडेनं रस्ता वळतो, तिथे मी थांबलो. सरोवरावरचं बर्फ सुटून मधोमध तरंगत होतं. वडिलांची मला आठवण झाली. त्यांच्या रागाबद्दल मी इतकी वर्षं एक गोष्ट विसरलो होतो. त्या दिवशी मी दुसऱ्या बोलावण्याला उठलो, ते दुसऱ्याच्या घरात बसून. पाहुणा म्हणून आधी त्या घरी गेलो होतो. आई तीनदा बोलवायची ती आमच्या स्वयंपाकघरात, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसांना. रस्त्यापलीकडच्या घरात जाऊन कुणाला तिनं कधी तीनदा हाक मारली नाही. ही एवढी साधी गोष्ट. मी ती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिकत होतो, आणि तीही दुकानात, कॉफी पिताना, दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीबद्दल ऐकतो आहे असं भासवून.

घरी आलो. लिहायला बसलो. पहिला मसुदा साडेतीन पानांचा झाला. त्यात माझी आई होती, वडील होते, साप्ताहिक होतं, आणि भिजलेल्या प्रतीसुद्धा होत्या. मी तो तपासायला घेतला. सवयच ती. इथे पुनरुक्ती, इथे फाजील विशेषण, इथे स्वतःबद्दल फार. खोडत खोडत शेवटी पानावर त्यांचं नाव आणि माझं नाव एवढंच उरलं. दुसरा मसुदा विनोदी करायला गेलो. तो वाचून मलाच लाज वाटली. तिसऱ्यात मी लिहिलं की त्या दिवशी तुमच्या दुकानात आलेला मीच, आणि तिथे न बोलल्याबद्दल माफी मागू लागलो. माफी दोन पानं चालली.

मधेच डॉरिसचा फोन आला.

“पान एकोणीस खोडलंस ना?”

“नाही. शनिवारनंतर सांगतो.”

“अरे, शनिवारनंतर ते दुकानच नसणार.”

“म्हणूनच शनिवारनंतर सांगतो.”

“तुम्हा फिन लोकांकडे कॉफी गार का असते, ते आता कळलं मला,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

निसूचा एक काप कापून खाल्ला. लोणी घरात नव्हतं. नुसताच खाल्ला, उभ्यानं, ओट्याशी. माझ्या स्वयंपाकघरातही खुर्च्या कमीच आहेत. एकच आहे. आईची मी वर माळ्यावर नेऊन ठेवली होती. का नेली, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही नाही.

मग बसून लिहिलं, आणि तपासलं नाही:

‘सायमाबाई,
तुमची दोन्ही पत्रं पोचली होती. मी तिसऱ्याची वाट बघत राहिलो. चूक माझी. मंगळवारी कोपऱ्यात बसलेला मीच. शनिवारी सकाळी सातला येतो.
तौनो रिंताला.
ता. क. मंगळवारचाही चांगला होता.’

बुधवारी सकाळी टपाल कचेरीत गेलो. पेटीत टाकता आलं असतं, पण पेटीत टाकलेलं पत्र मी परत मागायला आलो असतो, हे मला ठाऊक होतं. पूर्वी एकदा तसं केलं आहे. खिडकीवर मर्ना बसते. गोरीपान, चाळिशीतली, येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता मोठ्यानं वाचणारी.

“तापिओला?” ती म्हणाली. “अहो, हे तर इथेच. तुम्हीच नेऊन द्या की. पंचवीस मिनिटांचा रस्ता.”

“नाही. टपालानंच जायला हवं.”

“का?”

“पत्राला पत्रानं उत्तर द्यायचंय.”

“बरं बाबा. पण सांगून ठेवते हं, आता इथलं टपाल इथल्या इथे वाटत नाहीत. आधी सगळं खाली ग्रीन बेला जातं, तिथे छाटणी, मग परत वर. शुक्रवारी पोचलं तर नशीब. नाहीतर शनिवार दुपार. सोमवारही होईल.”

मी हात पुढे केला. पाकीट अजून काउंटरवर, तिच्या आणि माझ्या मध्ये होतं. सोमवारी त्या तिथे नसणार. शनिवारी दुपारी पोचलं, तर शनिवारी सकाळी त्यांना काहीच ठाऊक नसेल. मागच्या टेबलावर दुसरा कप नसेल. मी दारात टोपी हातात घेऊन उभा असेन, न कळवता, न बोलावता, आणि आर्व्हो काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

“परत हवंय का?” मर्नानं विचारलं. “म्हणजे नेऊन देताय?”

“शनिवारी मी जाणारच आहे तिकडे,” मी म्हणालो. हे वाक्य माझ्या आवाजात ऐकून मलाच नवल वाटलं.

“मग पत्राआधी तुम्हीच पोचाल.”

“बहुतेक.”

“मग कशाला पाठवताय?”

यावर चांगलं उत्तर असणार. ते मला रस्त्यात सुचेल, नेहमीसारखं. मी हात मागे घेतला. मर्नानं खांदे उडवले, तिकीट चिकटवलं, शिक्का मारला, आणि पाकीट मागच्या करड्या टोपलीत टाकलं.